भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरील प्रदक्षिणा : अलिबाग–कुलाबा पदभ्रमणाचे नियोजन

बँकेत काम करणाऱ्याची सुट्टी आधीच ठरलेली असते. सप्टेंबर २०१५ पासून महिन्यातील दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा असल्याने त्याला जोडून येणारा रविवार धरून सहलीचे बेत आखण्याची पद्धत रूढ झाली आहे. तारीख ठरते, मंडळी ठरतात, वाहन ठरते, न्याहारी कोठे घ्यावयाची हेही ठरते. सहल डोंगरातील असेल, तर एवढे नियोजन बहुधा पुरते. सहल समुद्रकाठची असेल, तर मात्र त्यात एक मोठी उणीव राहून जाते. त्या दिवशी त्या वेळी पाणी कोठे असेल, हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो.

समुद्रकिनाऱ्यावरील पदभ्रमणाचा क्रम याच्या उलट असावयास हवा. प्रथम पाणी पाहावे, पाण्यावरून दिवस निवडावा, दिवसावरून वेळापत्रक बांधावे आणि त्यानंतरच सोबतीला निमंत्रण द्यावे. हे तत्त्व एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे समजून घेणे सोयीचे होईल. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथील कुलाबा किल्ल्याच्या मार्गासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. हा किल्ला दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा किनाऱ्याशी जोडला जातो. त्याचे वेळापत्रक ज्याने अभ्यासले, त्याला कोणत्याही किनाऱ्यावरील भटकंतीचे नियोजन अवघड वाटू नये.

मार्गाची ओळख

अलिबागच्या एस.टी. स्थानकापासून निघून समुद्रकिनारा, तेथून भिजल्या वाळूतून कुलाबा किल्ला, किल्ल्याची आतून फेरी, पुन्हा किनारा आणि नंतर शहरातील ऐतिहासिक स्थळे पाहत वेगळ्या रस्त्याने स्थानकावर परत, असा हा वर्तुळाकार मार्ग आहे. सर्व मिळून चाल सुमारे सहा ते सात किलोमीटर भरते. चढ जवळजवळ नाहीच. तरीही या मार्गाला सोपा न म्हणता मध्यम म्हणणे योग्य होय. त्याची कारणे तीन. ओल्या वाळूत चालताना सपाट रस्त्यापेक्षा अधिक श्रम पडतात. किल्ल्याजवळचे खडक शेवाळाने निसरडे व कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेले असतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे या मार्गाच्या एका टप्प्यावर थकले म्हणून थांबण्याची मोकळीक नसते.

मार्गाचे दोन स्वतंत्र भाग पडतात, हे ध्यानात ठेवावे. शहरातील भाग दिवसाच्या कोणत्याही वेळी करता येतो. समुद्रातील भाग ठराविक वेळेतच करावा लागतो आणि त्यात जाण्यायेण्याची वाट एकच असते. म्हणून सारे नियोजन समुद्रातील भागाभोवती करावे. शहरातील भाग त्याच्या आधी किंवा नंतर सोयीने जोडावा.

पाण्याचे गणित

कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. त्यामुळे आज जी ओहोटी सकाळी नऊला आहे, ती उद्या साधारणपणे पन्नास मिनिटे उशिरा येणार. गेल्या महिन्यात अमुक शनिवारी दहा वाजता किल्ल्यात चालत गेलो होतो, म्हणून या शनिवारीही जाता येईल, हा तर्क म्हणूनच फसतो. समुद्राचे घड्याळ वारावर चालत नाही, ते चंद्रावर चालते.

मुंबई व तिच्या लगतच्या कोकणपट्टीसाठी किनाऱ्यावरील लोकांनी एक सोपा ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. पक्षातील तिथीच्या अंकाला तीनने गुणावे व चारने भागावे. जो अंक येईल, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यापासून सुमारे सहा तास पुढे किंवा मागे पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले तीन म्हणजे बारा, भागिले चार म्हणजे तीन. अर्थात पहाटे तीन व दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊ व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष, हिशेब एकच.

याच पद्धतीने सकाळ-दुपारच्या ओहोटीचा अंदाज पुढीलप्रमाणे निघतो :

पौर्णिमा व अमावास्या – पहाटे सव्वापाच व सायंकाळी सव्वापाच
द्वितीया – सकाळी साडेसात
चतुर्थी – सकाळी नऊ
षष्ठी – सकाळी साडेदहा
अष्टमी – दुपारी बारा
एकादशी – दुपारी सव्वादोन
त्रयोदशी – दुपारी पावणेचार

केवळ वेळ पाहिली, तर अष्टमी सर्वांत सोयीची वाटते. सावकाश निघावे, दुपारी बाराला किल्ल्यात पोहोचावे. पण येथेच नवखा माणूस फसतो. भरती-ओहोटीला वेळेप्रमाणेच उंचीही असते. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमारास समुद्राला भांग असते. तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही. मुंबई बंदराच्या सरासरीनुसार उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटीच्या पातळीत सुमारे ३.६ मीटरचा फरक असतो. भांगाच्या दिवसांत तो सुमारे दीड मीटरवर येतो. परिणामी भांगाच्या ओहोटीतही पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा साधारण एक मीटर वरच थांबते. जी वाट चतुर्थीला घोट्याएवढ्या पाण्यातून पार होते, ती अष्टमीला भर ओहोटीतही कंबरभर पाण्याखाली असू शकते.

तेव्हा दोन अटी एकत्र जुळवाव्या लागतात. ओहोटी उजेडाच्या व सोयीच्या वेळी हवी आणि ती पुरेशी खोलही हवी. पौर्णिमेला खोली मिळते, पण वेळ पहाटेची वा सूर्यास्ताची असते. अष्टमीला वेळ मिळते, पण खोली मिळत नाही. उधाणाचा जोर प्रत्यक्षात पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. म्हणून तृतीया ते पंचमी हा काळ सर्वांत अनुकूल ठरतो. सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान ओहोटी असते, पाणी पुरेसे उतरलेले असते आणि ऊनही चढलेले नसते. किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि गणपतीची तिथी जी चतुर्थी, ती विनायकी असो वा संकष्टी, नेमकी या काळाच्या मध्यावर येते. भाविकांना त्या सकाळी समुद्र वाट देतो, तो असा. अर्थात त्या दिवशी गर्दीही अधिक असणार, हे गृहीत धरावे.

ठोकताळा आणि तक्ता

तिथीचा हिशेब दिवस निवडण्यासाठी आहे, पाण्यात उतरण्यासाठी नाही. तिथी सूर्योदयानंतर केव्हाही बदलू शकते, एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते, आणि ठोकताळ्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. तेव्हा निवडलेल्या दिवसाची ओहोटीची नेमकी वेळ व मीटरमधील उंची भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून पाहून घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी असे तक्ते प्रसिद्ध करतो आणि त्यांत मुंबई बंदराची आकडेवारी असते. अलिबागची वेळ तीहून काही मिनिटांनीच भिन्न असते. दिवसातील दोन ओहोट्यांची उंची सारखी नसते, हेही तक्त्यावरूनच कळते. याशिवाय हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचा इशारा देते. तो आदल्या सायंकाळी पाहावा. इशारा असेल, तर तक्ता कितीही अनुकूल असला तरी समुद्रातील टप्पा रद्द समजावा.

पाणी कोणत्या गतीने चढते, हे समजून घेणे त्याहूनही आवश्यक आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास घेतले, तर पाण्याची एकूण चढ बारा भागांत विभागली जाते, असे नाविकांचे गणित सांगते. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात एक भाग चढतो. उधाणाच्या दिवसांतील ३.६ मीटरचा फरक धरला, तर हिशेब असा होतो :

पहिल्या तासाअखेर – ०.३ मीटर
दुसऱ्या तासाअखेर – ०.९ मीटर
तिसऱ्या तासाअखेर – १.८ मीटर
चौथ्या तासाअखेर – २.७ मीटर
पाचव्या तासाअखेर – ३.३ मीटर
सहाव्या तासाअखेर – ३.६ मीटर

पहिल्या तासात पाणी जेमतेम वीतभर किंवा थोडे अधिक चढते. ते पाहून माणूस निश्चिंत होतो आणि पुढच्या तासालाही तेवढेच चढेल असे मानतो. प्रत्यक्षात दुसऱ्या तासाअखेर तेच पाणी तिप्पट झालेले असते आणि तिसऱ्या तासाअखेर सहापट. पहिल्या तासाच्या अनुभवावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधणे, हेच किनाऱ्यावरील बहुसंख्य फजितींचे मूळ होय. शिवाय पाणी सर्व बाजूंनी सारखे येत नाही. वाळूतील खोलगट पन्हळी आधी भरतात. त्यामुळे पायाखालची वाळू उघडी असतानाच परतीच्या वाटेवर पाणी भरलेले असू शकते.

वेळेचे अंदाजपत्रक

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाखेतील आठ-दहा कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय डिसेंबर किंवा जानेवारीत ही प्रदक्षिणा करू इच्छितात. पंचांगात सुट्टीचे शनिवार-रविवार पाहून ज्या दिवशी तृतीया ते पंचमी येते, तो दिवस त्यांनी निवडला आणि तक्त्यात ओहोटी सकाळी नऊची निघाली. अशा वेळी अंदाजपत्रक निघण्याच्या वेळेपासून न मांडता परतीच्या अंतिम वेळेपासून उलटे मांडावे.

वरील हिशेबाप्रमाणे ओहोटीनंतर एका तासाने पाणी ०.३ मीटर चढलेले असते. लहान मुले व ज्येष्ठांसह चालणाऱ्या गटासाठी हीच मर्यादा मानावी. म्हणजे दहा वाजता शेवटचा माणूस कोरड्या किनाऱ्यावर हवा. किल्ल्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या चालीला गटासाठी अर्धा तास धरावा. म्हणजे साडेनऊला सर्वांनी महादरवाजाबाहेर पडले पाहिजे. किल्ल्यासाठी एक तास हवा, तेव्हा साडेआठला आत पोहोचले पाहिजे. त्यासाठी आठला वाळूत पाऊल टाकले पाहिजे. किनाऱ्यावर विचारपूस, तिकीट व पादत्राणे बदलण्यासाठी अर्धा तास, म्हणजे साडेसातला किनाऱ्यावर आणि सातला स्थानकाजवळ. एवढ्या सकाळी तेथे पोहोचावयाचे, तर दूरच्या मंडळींना आदल्या रात्री मुक्कामास यावे लागेल, हेही याच हिशेबातून कळते. प्रवेशाची वेळ व तिकिटाची व्यवस्था आदल्या दिवशी विचारून ठेवावी.

या अंदाजपत्रकात खर्च करण्याजोगा राखीव वेळ नाही, असे एखाद्यास वाटेल. राखीव वेळ आहे. पण तो परतीच्या मर्यादेपलीकडे आहे आणि त्याला हात लावावयाचा नाही. एखाद्याचा पाय मुरगळला, मूल रडू लागले, चष्मा पडला, तर तो उपयोगी पडतो. छायाचित्रे काढण्यासाठी तो वापरला, तर संकटकाळी हातात काही उरत नाही. ज्या गटाला किनाऱ्यावर पोहोचण्यास उशीर झाला असेल, त्याने किल्ल्यातील वेळ कमी करावा, परतीची वेळ पुढे ढकलू नये. साडेआठपर्यंतही वाळूत उतरणे झाले नसेल, तर त्या दिवशी किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा.

किल्ल्यातील एक तास

एका तासात काय पाहावे, हे आधी ठरलेले असले म्हणजे घाई होत नाही. कुलाबा किल्ल्याच्या बांधणीस १९ मार्च १६८० रोजी प्रारंभ झाल्याचे सांगितले जाते. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि किल्ल्याचे काम १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे १७१३ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याशी झालेल्या तहानंतर हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या अमलाखाली राहिला व मराठा आरमाराचे प्रमुख केंद्र बनला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे त्यावर मोहीम काढली; ती अयशस्वी झाली.

प्रवेशद्वार किनाऱ्याच्या दिशेस आहे. आत जाण्यापूर्वी तटाचे बांधकाम न्याहाळावे. मोठमोठे दगड चुन्याच्या दर्जाशिवाय एकमेकांवर बसविलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते व तिचा जोर मोडतो, असे या बांधणीमागील कारण सांगितले जाते. तीन शतकांहून अधिक काळ दररोज दोनदा भरतीचा मारा सोसून हा तट उभा आहे. किल्ल्याला सतरा बुरूज आहेत. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायक मंदिर, त्यासमोरील पायऱ्यांची पुष्करणी, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा आणि आंग्रेकालीन वाड्यांचे अवशेष आहेत. चोहोबाजूंनी खारे पाणी असतानाही किल्ल्यात गोडे पाणी आहे, याची नोंद घ्यावी. जलदुर्गाची खरी ताकद तोफांइतकीच या पाण्यात असे. उत्तरेकडील तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन लोखंडी तोफा आहेत. त्या इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ओतलेल्या आहेत. तटावरून उत्तरेस दिसणारा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट. मुख्य किल्ल्यावर त्या बाजूने मारा होऊ नये, म्हणून तो राखलेला होता.

वाड्यांचे केवळ अवशेष का उरले, याचे उत्तरही इतिहासात आहे. १७८७ मध्ये मोठी आग लागून आंग्र्यांचा वाडा भस्मसात झाला. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केल्यानंतर १८४२ मध्ये किल्ल्यातील लाकूडसामानाचा लिलाव झाला आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामासाठी नेण्यात आले. आज उरले आहे ते जपणे म्हणूनच अगत्याचे. तटावर नावे कोरणे व प्लॅस्टिक मागे ठेवणे हा संरक्षित स्मारकाचा अपराध आहेच. ती या वास्तूची उरलीसुरली ठेव काढून घेण्यासारखी गोष्टही आहे.

शहरातील टप्पा

किनाऱ्यावर परतल्यावर न्याहारी व अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावी. समुद्राचे वेळापत्रक येथे संपले. पुढील दीड-दोन तास गटाच्या मर्जीचे असतात.

शहरातील पहिले महत्त्वाचे स्थळ म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी पूर्वी मुंबईतील कुलाबा येथे घेतल्या जात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर विजेच्या प्रवाहामुळे नोंदींत व्यत्यय येईल, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. इमारतीत चुंबकीय गुणधर्म असलेले साहित्य वापरण्याचे टाळण्यात आले. जुन्या व नव्या ठिकाणी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेऊन दोन्हींचा मेळ घालण्यात आला, त्यामुळे नोंदींची परंपरा अखंड राहिली. जुने खातेपुस्तक बंद करून नवे उघडताना शिल्लक काळजीपूर्वक पुढे ओढणाऱ्या बँक कर्मचाऱ्यास या दक्षतेचे मोल वेगळे सांगावयास नको. वेधशाळा कार्यरत असल्याने ती बाहेरूनच पाहावी. आत जावयाचे असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी.

हिराकोट हा कान्होजी आंग्रे यांनी १७२० मध्ये बांधलेला भुईकोट. त्याचा उपयोग पुढे कारागृह म्हणून होऊ लागल्याने तोही बाहेरूनच पाहावा लागतो. त्याच्या प्रचंड काळ्या दगडांची रचना बाहेरूनही स्पष्ट दिसते. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजींची समाधी शहरातच आहे. तेथे क्षणभर थांबून मग मागेन आबोथ या बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनास्थळाकडे वळावे. या समाजातील अली नावाच्या धनिकाच्या बागांवरून ‘अलिबाग’ हे नाव पडले, अशी परंपरागत कथा आहे. तेलाच्या घाण्यांचा व्यवसाय करणारा आणि शब्बाथामुळे शनिवारी घाणे बंद ठेवणारा हा समाज कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जात असे. प्रदक्षिणेचा दिवस शनिवार असेल, तर तो त्यांच्या प्रार्थनेचा दिवस आहे, हे ओळखून ती वास्तू रस्त्यावरूनच पाहणे शिष्टाचारास धरून होईल. येथून स्थानकाकडे परतले की दुपारी बाराच्या आत वर्तुळ पूर्ण होते.

अलिबागपासून जवळच आक्षी येथे शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ मधील शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत प्राचीन ज्ञात लेखांत त्याची गणना होते. एवढ्या जवळ आलो आहोत, तर तेही चालतच पाहून टाकू, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. आक्षीसाठी रिक्षा करावी किंवा दुसरा दिवस ठेवावा. सहा किलोमीटरच्या नियोजनात ऐनवेळी आठ-दहा किलोमीटर वाढविले, की मध्यम मार्ग मध्यम राहत नाही.

परतीचा निर्णय कोणाचा?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी याच रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्यातील चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. ही घटना आठवली की समुद्रकाठच्या नियोजनात शिस्तीला एवढे महत्त्व का, हे निराळे सांगावे लागत नाही. आनंदात असलेल्या गटाला परत फिरण्यास सांगणे कोणालाच आवडत नाही. ज्येष्ठांनी सांगावे अशी कनिष्ठांची अपेक्षा असते आणि कोणी तक्रार करीत नाही, म्हणजे सर्व ठीक असेल, असे ज्येष्ठांना वाटते.

यावर उपाय बँकेच्या तिजोरीत आहे. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात; एकट्याने ती उघडता येत नाही. तोच नियम येथे लावावा. निघण्यापूर्वी दोघांवर वेळेची जबाबदारी सोपवावी. थांबण्यासाठी दोघांचीही संमती आवश्यक. परत फिरण्यासाठी मात्र एकाचा शब्द पुरेसा. हे पद हुद्द्यानुसार देऊ नये. शाखाधिकारी सहलीस आले असले, तरी साडेनऊ वाजता लिपिकाने ‘आता निघावयाचे’ म्हटले, की त्यांनीही निघावे. किनाऱ्यावरचे घोडागाडीवाले व कोळी बांधव यांना पाणी पाहताक्षणी कळते. त्यांचे मत आणि तक्ता यांत फरक पडला, तर त्यांपैकी जे अधिक सावध असेल, ते मानावे.

इतके करूनही उशीर झालाच आणि वाट पाण्याखाली गेली, तर काय करावे? किल्ल्यातच थांबावे. भर भरतीतही किल्ल्याचा आतील भाग सुरक्षित असतो. होडीची सोय होईपर्यंत किंवा पुढची ओहोटी येईपर्यंत तेथे बसणे गैरसोयीचे असेल, धोक्याचे नाही. अजून गुडघाभरच पाणी आहे, म्हणून घाईने उतरणे हे मात्र प्राणावर बेतू शकते. मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक व भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक निघण्यापूर्वीच सर्वांच्या दूरध्वनीत नोंदवून ठेवावा.

पूर्वतयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम उत्तम. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा या टप्प्याचा विचारही करू नये. मुंबईहून मांडव्यापर्यंत जलमार्गाने व तेथून अलिबागपर्यंत रस्त्याने येता येते. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या बोटी बंद असतात. रेल्वेने येणाऱ्यांना पेण स्थानक सोयीचे आहे.

पायांत पट्ट्याची, ओली झाली तरी चालतील अशी पादत्राणे हवीत. अनवाणी चालल्यास कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतात आणि साध्या चपला वाळूत रुतून बसतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, जलसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टी, दूरध्वनी व पैसे ठेवण्यासाठी जलरोधक पिशवी आणि हातात साधे घड्याळ, एवढे साहित्य पुरते. गुडघेदुखी असणारे, गर्भवती स्त्रिया व अगदी लहान मुले यांनी समुद्रातील टप्पा घोडागाडीने करावा किंवा किनाऱ्यावर थांबून शहरातील टप्प्यात सामील व्हावे. वर्तुळाकार मार्गाचा हा एक लाभच आहे की, ज्याला एक भाग जमत नाही, त्याला दुसऱ्या भागात सर्वांसोबत चालता येते.

अन्य किनाऱ्यांसाठी

देशाच्या अन्य किनाऱ्यांवर राहणाऱ्या वाचकांनी तिथीचा वरील ठोकताळा तसाच वापरू नये. तो मुंबई-कोकणापुरता आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक एक मीटरच्या आसपास असतो, तर खंभातच्या आखातातील भावनगरला तो दहा मीटरच्या घरात जातो. वेळाही सर्वत्र भिन्न असतात. पण नियोजनाचा क्रम सर्वत्र तोच राहतो : त्या ठिकाणचा तक्ता पाहणे, ओहोटीची वेळ व खोली दोन्ही तपासणे, परतीच्या वेळेपासून उलटे अंदाजपत्रक मांडणे, राखीव वेळेला हात न लावणे आणि परत फिरण्याचा अधिकार प्रत्येक जबाबदार माणसाच्या हाती ठेवणे.

पुढील वर्षाची दिनदर्शिका हाती आली की सुट्टीच्या शनिवार-रविवारांपुढे तिथी पाहून खुणा करून ठेवाव्यात. सोयीचे असे दिवस हंगामात थोडेच निघतील. त्यांतला एक जरी साधला, तरी सकाळच्या कोवळ्या उन्हात समुद्राने आपणहून मोकळ्या केलेल्या वाटेवरून चालण्याचा आणि दहाच्या ठोक्याला सर्वांची मोजदाद करून किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याचा आनंद पदरी पडेल. मोजदाद पूर्ण भरणे, हेच अशा प्रदक्षिणेचे खरे फलित होय.